टिकटिक लिफ्टरची की मॅनिफोल्डची?

थंडीच्या सकाळी जुनी पिकअप सुरू करावी आणि बॉनेटखालून शिवणयंत्र चालल्यासारखी टिकटिक यावी, की मालकाच्या पोटात गोळा येतो. डोक्यात पहिला शब्द येतो लिफ्टर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडायला मदत करणारा भाग. मग जाड ऑइल घाला, बाटलीतलं औषध ओता, पुन्हा ऑइल बदला. या फेऱ्यात मी तीन आठवडे घालवले आहेत. शेवटी कळलं की लिफ्टर ठणठणीत होते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला जळलेला वायू गोळा करून नेणाऱ्या नळ्यांच्या, मागच्या टोकाचा एक बोल्ट डोकं गमावून बसला होता.

हे दोन आवाज एकसारखे का वाटतात, हे आधी समजून घ्यायला हवं. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे बिघडलेला लिफ्टर दोन फेऱ्यांमागे एकदा वाजणार. गंमत अशी की प्रत्येक सिलिंडर जळलेला वायूही दोन फेऱ्यांमागे एकदाच बाहेर टाकतो. त्यामुळे त्या सिलिंडरपाशी मॅनिफोल्ड गळत असेल तर तीही फट तितक्याच वेळा फुसकारते. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, ६०० आरपीएम (मिनिटाला फेरे) असेल तर दोन्ही मिनिटाला ३०० वेळा, सेकंदाला बरोबर ५ वेळा वाजतात. तेव्हा ‘ॲक्सिलरेटर दिला की टिकटिक वाढते, म्हणजे लिफ्टरच’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलवू नका. वाढतात दोन्ही, आणि सारख्याच वेगानं.

फरक पडतो तो आवाज कधी जातो आणि कशानं बदलतो यात.

मॅनिफोल्डचं दुखणं धातूंच्या प्रसरणाचं आहे. जीएमच्या ५.३ लिटर व्ही-८ मध्ये हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आणि मॅनिफोल्ड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तितक्याच तापमानवाढीला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि मॅनिफोल्ड तर हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो. प्रत्येक वेळी तापताना आणि निवताना दोघं एकमेकांवर थोडे सरकतात. मधला भाग फारसा हलत नाही, टोकं जास्त सरकतात, म्हणून बोल्टही बहुधा टोकांचेच तुटतात. त्यातही मागचा, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या म्हणजे फायरवॉलच्या कुशीतला, जिथे ना हात जातो ना नजर. फोर्डच्या ५.४ लिटर ट्रायटनमध्ये तीच गोष्ट स्टडच्या, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टच्या, बाबतीत घडते. अमेरिकेत मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं ते गंजून आधीच अर्धे झालेले असतात.

बोल्ट गेला की थंड इंजिनात फट उघडी राहते आणि टिकटिक जोरात येते. पाच-दहा मिनिटांत लोखंड तापून फुगतं, फट मिटते आणि आवाज विरतो. मालक म्हणतो, ‘ऑइल चढलं वाटतं वर.’ ऑइलचा तिथे काडीचा संबंध नसतो. ऑइल वर चढायला काही सेकंद लागतात, दहा मिनिटं नाहीत.

हायड्रॉलिक लिफ्टर म्हणजे ऑइलच्या दाबानं भरून राहणारी छोटी डबी. कॅम, त्याचा धक्का पुढे पोचवणारे पुशरॉड आणि रॉकर, आणि व्हॉल्व्ह यांच्यातली सैल जागा ती भरून काढते. रात्रभर गाडी उभी राहून डबीतलं ऑइल उतरलं तर सकाळी दोन-चार सेकंद वाजते आणि गप्प बसते. त्याची काळजी नको. पण आतला प्लंजर अडकला किंवा कॅमवर फिरणारा खालचा रोलर झिजला, तर इंजिन तापलं तरी आवाज राहतो. कधी तर तापल्यावर ऑइल पातळ होऊन वाढतोसुद्धा.

दुसरी खूण लोडची. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आरपीएम वाढवा आणि आवाज लक्षात ठेवा. मग तितक्याच आरपीएमला चढावर चालवा, मागे ट्रेलर असेल तर उत्तमच. मॅनिफोल्ड गळत असेल तर चढावर आवाज स्पष्ट वाढतो, कारण सिलिंडरमधून सुटणाऱ्या वायूचा जोर वाढलेला असतो. लिफ्टरला त्याचं सोयरसुतक नाही; त्याला फक्त कॅमचा वेग कळतो. काचा खाली करून काँक्रीटच्या भिंतीलगत हळू चालवलं तर गळतीचा आवाज भिंतीवर आपटून कानात येतो, हा साधा उपाय मला अजूनही आवडतो.

माझ्या गाडीचा निकाल लागला तो मीटरभर रबरी नळीनं. नळीचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं थंड इंजिनाच्या मॅनिफोल्डच्या कडेनं हळूहळू फिरवलं. नळी पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवायची, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या तीन सिलिंडरांपाशी नुसती घरघर. शेवटच्यापाशी गेलो आणि कानात कुणी थुंकावं तसा ‘फट् फट्’ आला. मग गाडी बंद करून मोबाइलचा कॅमेरा मागे घातला. फोटोत हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर पंख्यासारखी पसरलेली काजळी होती. तिच्या शेजारी बोल्टच्या डोक्याच्या जागी नुसतं भोक.

काजळी दिसली नाही तर आणखी एक चाचणी आहे, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत भरवशाची. टिकटिक चालू असताना एकेका सिलिंडरच्या, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वायरचा प्लग काही सेकंद काढायचा. त्या सिलिंडरमध्ये जाळ थांबला की तिथून दाबानं वायू सुटत नाही, मग गळतीची टिकटिक पडते किंवा बदलते. लिफ्टरची टिकटिक तशीच चालू राहते, कारण व्हॉल्व्ह तर उघडतो-मिटतोच आहे. ठिणगी देणाऱ्या कॉइलचा प्लग काढू नका, इंजेक्टरचाच काढा. नाहीतर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं.

आता गोंधळ घालणारे इतर पाहुणे. जीएमच्या याच पिढीतल्या काही इंजिनांत थंड असताना पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो. तो आवाजही तापल्यावर जातो, पण टिकटिकीपेक्षा बोथट, दारावर बोटाच्या पेरानं ठोकल्यासारखा असतो. फोर्डच्या तीन-व्हॉल्व्हच्या ५.४ मध्ये उलटं: इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला खडखड आली तर कॅमची वेळ मागेपुढे करणारा कॅम फेझर आणि ऑइलचा दाब बघा. रॅम पिकअपच्या ५.७ लिटर हेमी इंजिनात मात्र खरी पंचाईत आहे. तिथे मॅनिफोल्डचे बोल्टही तुटतात आणि लिफ्टरचे रोलरही जातात, त्यामुळे नाव घेऊन अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

लिफ्टरवर शिक्का मारण्याआधी ऑइलचा दाब खऱ्या मेकॅनिकल गेजनं मोजा, डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. ५.३ मध्ये ऑइल पंपाच्या, ऑइल ओढणाऱ्या पिकअप नळीची ओ-रिंग जुनी होऊन कडक होते, पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि बिचारे लिफ्टर रिकामे वाजतात. तिथे दोष एका रबरी कड्याचा असतो. २००७ च्या सुमारास पिकअपमध्ये आलेल्या, पेट्रोल वाचवायला चार सिलिंडर बंद करणाऱ्या ५.३ मध्ये खास लिफ्टर १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरांवर असतात. टिकटिकीबरोबर त्यांपैकीच एकाचा मिसफायर कोड (त्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नसल्याची संगणकाची नोंद), म्हणजे पी०३०१ किंवा पी०३०७ अशापैकी काही आला, तर संशय लिफ्टरवर पक्का.

दुरुस्तीत दोघांची तुलनाच नको. ५.३ मध्ये लिफ्टर हेडखालच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बसतात, म्हणजे लिफ्टर बदलायचे तर हेड उतरवावं लागतं. रोलर झिजला असेल तर कॅमही बघावाच लागतो. खरवडलेल्या कॅमवर नवा लिफ्टर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. जीएमच्याच त्याआधीच्या जुन्या ५.७ स्मॉल ब्लॉक इंजिनवाल्यांचं नशीब बरं, तिथे हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड काढला की लिफ्टर वरूनच निघतात.

मॅनिफोल्डचं काम एका दुपारचं, किंवा एका आठवड्याचं. सगळं तुटलेल्या बोल्टवर अवलंबून. तुकडा थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंज सुटतो आणि नट पान्यानं फिरवला की तुकडा निघतो. हेडच्या आत तुटला असेल तर आधी वॉशर वेल्ड करा, मग नट. ड्रिल ही शेवटची पायरी, कारण ॲल्युमिनियमचं हेड मऊ असतं; ड्रिल जरा सरकलं की आटेच खातं. मॅनिफोल्ड उतरवलाच आहे तर सरळ पट्टी लावून तो वाकलाय का बघा. वाकलेला तसाच चढवला तर नवे बोल्टही तुटणार. बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत आवळा.

‘तापल्यावर आवाज जातो ना, चालू दे’ असं म्हणून वर्षभर गाडी हाकणारेही पुष्कळ आहेत. त्यात दोन धोके आहेत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आहे, आणि संगणक विनाकारण जास्त पेट्रोल ओततो. दुसरा धोका केबिनचा. फायरवॉलजवळ सुटलेला वायू हीटरवाटे आत येऊ शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. काचा मिटून तासन् तास चालवणाऱ्यानं हे काम पुढे ढकलू नये.

माझा बोल्ट तिसऱ्या नटावर निघाला. पहिले दोन वेल्डिंगमधून सुटून हातात आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली, बॉनेट उघडंच ठेवलं होतं. मोठी टिकटिक गेली होती. तिच्याखाली इतके दिवस दबलेली एक बारीक, भराभर, एकसारखी टिकटिक ऐकू आली आणि क्षणभर पुन्हा पोटात गोळा आला. नळी घेऊन वाकलो. इंजेक्टर होते. ते असेच वाजतात.