फ्री पोर्टने देशाचं भलं होतं का? मिहानच्या आधीची दोन हजार वर्षं

मिहानचा, म्हणजे नागपूर विमानतळाला लागून असलेल्या ‘मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर’ या प्रकल्पाचा विषय निघाला की नागपुरात लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो टॅक्स माफ केला की कंपन्या येतातच, दुसरा म्हणतो एवढ्या सवलती देऊन आपल्या पोरांना काय मिळालं, ते तर अजूनही पुण्याची गाडी पकडून राहिले. मला दोघांचंही बोलणं अर्धवट वाटतं, कारण ज्या कल्पनेवर मिहानचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) उभा आहे ती खूप जुनी आहे, तिचे भले-बुरे अनुभव कितीतरी गावांनी घेतलेत, आणि ते बघितल्याशिवाय या वादात काही हाती लागत नाही.

कल्पना साधी आहे. देशातला एक तुकडा कुंपण घालून वेगळा काढायचा आणि तिथे बाहेरून येणाऱ्या मालावर कस्टम ड्युटी घ्यायची नाही. माल उतरवा, साठवा, पॅकिंग बदला, त्याचं दुसरं काही बनवा, परत बाहेरदेशी पाठवा, सरकार काही मागणार नाही. कुंपण ओलांडून देशात विकायला आणला की मग ड्युटी भरा. आधी हे फक्त बंदरांवर चालायचं म्हणून फ्री पोर्ट, नंतर विमानतळावर आलं, नंतर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आलं.

सगळ्यात जुना नीट माहीत असलेला किस्सा इसवी सनापूर्वी १६६ चा. रोमने ग्रीसमधलं डेलोस हे छोटं बेट करमुक्त बंदर म्हणून जाहीर केलं, आणि हेतू व्यापार वाढवणं हा नव्हताच मुळी, शेजारच्या रोड्स बेटाला धडा शिकवायचा होता. रोड्सचे दूत नंतर रोममध्ये रडले की आमच्या बंदराचं उत्पन्न १० लाख ड्राख्मांवरून दीड लाखावर आलं. म्हणजे डेलोसची भरभराट झाली हे खरं, पण त्यातला बराच व्यापार रोड्सकडून उचलून आणलेला होता, नवीन जन्मलेला नव्हता. आणि तिथला सगळ्यात मोठा धंदा कशाचा, तर गुलामांचा. पुढे युद्धात आणि चाच्यांच्या हल्ल्यात डेलोस लुटलं गेलं ते परत उभं राहिलंच नाही. फ्री पोर्टचे समर्थक आकडे दाखवतात तेव्हा मला हे रोड्सवालेच आठवतात, एका ठिकाणी वाढलेला आकडा दुसऱ्या कुणाच्या वहीतून कमी झाला का हे कुणीतरी बघायला पाहिजे नं.

युरोपात १५९० च्या दशकात मेदिची घराण्याने इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात परदेशी व्यापाऱ्यांना, खास करून ज्यूंना, धर्माचं संरक्षण आणि सवलती दिल्या, तिथे नुसती करमाफी नव्हती तर माणसांना निर्धास्त राहता येत होतं आणि मला वाटतं खरं कारण तेच. दुबईचंही असंच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणने लिंगेह बंदरात कस्टम वाढवलं तेव्हा तिथले व्यापारी उठून समोरच्या किनाऱ्यावर दुबईला आले कारण तिथे कर नव्हता. दुबईतल्या जबेल अलीचा फ्री झोन तर खूप नंतरचा, १९८५ चा.

सिंगापूरचं उदाहरण सगळेच देतात. १८१९ ला इंग्रज अधिकारी रॅफल्सने तिथे ठाणं वसवलं आणि बंदर करमुक्त ठेवलं, मलाक्काच्या सामुद्रधुनीत डच लोक वसुली करत होते त्यामुळे जहाजं इकडे वळली. पण बंदरावर जकात नाही म्हटल्यावर गावाचा खर्च भागणार कसा, तर अफू आणि दारूच्या मक्त्यातून, आणि अफू ओढणारे बहुतेक चिनी हमाल-मजूर. व्यापाऱ्याचा कर माफ झाला तो मजुराच्या खिशातून निघाला. हे सिंगापूरच्या कौतुकात कुणी सांगत नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण विदर्भाने करमुक्त व्यापार फार जवळून बघितलाय. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जाऊ लागला. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, मुंबई सोडून नागपूर निवडलं कारण कापूस इथे, कोळसा जवळ आणि रेल्वे दारात. आणि पाचच वर्षांत, १८८२ ला, इंग्रज सरकारने मीठ-दारूसारख्या थोड्या वस्तू सोडून जवळपास सगळी आयात ड्युटी काढून टाकली. अख्खा देशच एक फ्री पोर्ट झाला म्हणा ना. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबाव होता, त्यांचं कापड इथे बिनाकराचं विकायला पाहिजे होतं. १८९४ मध्ये तिजोरी रिकामी झाल्यावर ड्युटी परत आली तर लँकेशायरने ओरड केली की ही भारतीय गिरण्यांना झुकतं माप देते, म्हणून १८९६ ला परदेशी कापडावर साडेतीन टक्के आणि तेवढाच एक्साइज (उत्पादनावरचा कर) इथल्या गिरणीच्या कापडावर बसवला. आपल्याच कापसाचं आपल्याच गावात विणलेलं कापड, त्यावर परदेशी मालाइतकाच कर, का तर परदेशी मालाचं नुकसान नको. हा एक्साइज जायला १९२५-२६ उजाडलं. एम्प्रेस मिल तरीही टिकली आणि वाढली, ती मशीन, कामगार आणि कापसाच्या जोरावर. म्हणून कर माफ की कर चालू एवढंच विचारून भागत नाही, नियम कुणासाठी लिहिलाय हे आधी विचारावं लागतं.

स्वातंत्र्यानंतरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग आयर्लंडमधला आहे आणि तो नागपूरकरांनी तर वाचलाच पाहिजे. अटलांटिक ओलांडणारी विमानं शॅननला इंधन भरायला थांबायची, गावाचं पोट त्यावर. मग लांब उडणारी विमानं आली आणि थांबायची गरजच संपत चालली, तेव्हा १९५९ मध्ये ब्रेंडन ओरेगन यांच्या पुढाकाराने विमानतळाला लागून फ्री झोन सुरू झाला, विमानं थांबत नसतील तर माल तरी इथे बनू दे या विचाराने. नागपूरच्या आपल्या सोनेगाव विमानतळाला हुबेहूब असंच होतं. १९४९ पासून रात्रीची एअर मेल सेवा होती, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारही बाजूंनी टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, पोती बदलायची आणि पहाटेआधी आपापल्या शहराकडे परत. देशाच्या मध्यावर असण्याचा, म्हणजे आपल्या झिरो माइलचा, देशाला झालेला खराखुरा उपयोग होता तो! ती सेवा बंद पडल्यावर शॅननसारखं काही करायचं आपल्याला त्या वेळी सुचलं नाही, मिहानसाठी एमएडीसी (महाराष्ट्र एअरपोर्ट डेव्हलपमेंट कंपनी) ही सरकारी कंपनी स्थापन झाली ती २००२ मध्ये.

मधल्या काळात १९६५ ला कांडला झालं, आशियातला पहिला निर्यात प्रक्रिया झोन, नंतर १९७३ ला मुंबईत सीप्झ. आपण चीनच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. पण १९८० ला शेनझेन उभं राहिलं ते हाँगकाँगच्या अगदी शेजारी, पूर्ण शहराएवढं, वीज-रस्ते-बंदर सगळं देऊन. शॅनन बघायला चिनी अधिकारी गेले होते, त्यात पुढे चीनचे राष्ट्राध्यक्ष झालेले जियांग झेमिन पण होते. आपले झोन मात्र लहान कुंपणातले, बाहेर पडलं की तीच वीज, तोच रस्ता, तेच कागद.

मग आला २००५ चा सेझ कायदा. त्यात ड्युटीमाफीसोबत इन्कम टॅक्सची सूट पण होती, पहिली पाच वर्षं निर्यातीच्या नफ्यावर पूर्ण, पुढची पाच अर्धी. माझ्या मते घोळ इथेच झाला. आयटी कंपन्यांची जुनी एसटीपीआयची (सॉफ्टवेअर पार्क योजनेची) टॅक्स सूट मार्च २०११ ला संपली आणि नवीन काम सेझमध्ये टाकणं फायद्याचं झालं, म्हणजे परत डेलोस, व्यापार जागा बदलून राहिला. पश्चिम बंगालच्या नंदीग्राममध्ये २००७ ला सेझच्या जमिनीवरून गोळीबारात माणसं मेली, रायगडमध्ये शेतकऱ्यांनी महामुंबई सेझ अडवला. २०१४ ला कॅगने हिशोब मांडला तर अधिसूचित सुमारे ४५,६०० हेक्टरपैकी काम सुरू झालेली जमीन २८,५०० हेक्टरच्या आसपास होती. त्याआधीच २०११ ला मॅट, म्हणजे सूट असली तरी भरावा लागणारा किमान कर, लागला होता, आणि ३१ मार्च २०२० नंतर सुरू होणाऱ्या युनिटला इन्कम टॅक्सची ती सूट नाही.

शिवाय ड्युटीच कमी होत गेली. १९९१ च्या आधी काही मालावर दीडशे टक्क्यांवर ड्युटी होती तेव्हा कुंपणाच्या आत असण्याला मोल होतं. २००७ पर्यंत बिगरशेती मालाचा वरचा सर्वसाधारण दर १० टक्क्यांवर आला, मग फरक उरला किती? जर्मनीच्या हॅम्बर्ग बंदराने तर १८८८ पासूनचं आपलं कुंपण २०१३ च्या सुरुवातीला काढूनच टाकलं, फाटकावरची तपासणी फायद्यापेक्षा जास्त त्रासाची झाली होती. आपल्याकडे तर उलटंच, सेझमधला माल देशात विकला तर सर्वसाधारणपणे पूर्ण आयात ड्युटी, आणि मुक्त व्यापार करार असलेल्या आसियान (आग्नेय आशियातल्या) देशातून तोच माल बऱ्याचदा शून्य ड्युटीने येतो. मिहानमधल्या कारखान्यापेक्षा थायलंडचा कारखाना नागपूरच्या दुकानाला जवळ, हे बदलायलाच पाहिजे.

मिहानमध्ये काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, एअर इंडियाच्या ६८ बोईंगच्या खरेदीतून आलेला विमान दुरुस्तीचा एमआरओ आहे, तो हाताला कौशल्य देणारा धंदा आहे आणि असेच धंदे पाहिजेत. पण नावातला कार्गो हब कुठाय? दुसरी धावपट्टी अजून कागदावर, आणि शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुहीच्या लोकांनी जमिनी दिल्या त्या कार्गो हबच्या नावावर, त्यातले कितीतरी जण मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले.

संत्र्याचं बघा. आपला संत्रा ट्रकने बांगलादेशला जायचा, त्यांनी आयात ड्युटी वाढवत नेली आणि बागायतदार मेटाकुटीला आला. इथे मिहानमध्ये कितीही ड्युटी माफ करा, त्याचा या शेतकऱ्याला काडीचा उपयोग नाही, कारण त्याची ड्युटी पलीकडच्या सीमेवर लागते. त्याला पाहिजे ढाक्याशी बोलणी करणारं दिल्लीतलं सरकार, ग्रेडिंग-कोटिंगची सोय, कोल्ड स्टोरेज आणि वेळेवर मिळणारा रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर. यातली शेवटची तीन कामं मिहानमध्ये आजही करता येतात, त्यासाठी नवीन सवलत लागत नाही.