टाकाऊतून रस्ता: डांबराची जुनीच गोष्ट

जून तोंडावर आला की ठाण्यात नालेसफाई आणि खड्डे हे दोन विषय ठरलेले. अलीकडे त्यात तिसरा आलाय: प्लास्टिकचा रस्ता, स्टीलच्या स्लॅगचा (धातू वितळवताना उरणाऱ्या मळीचा) रस्ता. कचऱ्यापासून रस्ता म्हटलं की नवल वाटतं. पण डांबरी रस्ता जन्मला तोच कारखान्याच्या उकिरड्यावर.

दगडी कोळशापासून दिव्यांसाठी गॅस काढला की मागे काळा, चिकट द्रव उरायचा. खरं डांबर ते. १९०१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडगर हूली या सरकारी सर्व्हेयरला डर्बीशरमधल्या एका लोखंडाच्या कारखान्यापाशी रस्त्याचा एक तुकडा बिनधुळीचा, गुळगुळीत दिसला. तिथे डांबराचं पिंप सांडलं होतं आणि ते झाकायला कोणीतरी भट्टीतली स्लॅग पसरली होती, असं सांगतात. १९०२ मध्ये हूलींनी अशा मिश्रणाचं पेटंट घेतलं. त्या रस्त्यातल्या दोन्ही वस्तू कारखान्याला नकोशा होत्या.

आज आपण ज्याला डांबर म्हणतो ते कोळशाचं नाही. कच्चं तेल गाळून पेट्रोल, डिझेल काढल्यावर तळाला राहतं ते बिटुमेन. १९५४-५५ मध्ये शेजारी माहुलला रिफायनऱ्या आल्या. माल बदलला, मराठीत नाव जुनंच राहिलं.

मग त्यात आणखी काही मिसळायची गरज का पडली? ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. बारीक भेगेतून पाणी आत शिरतं, वरून चाक दाबतं आणि खडीवरचा डांबराचा थर सुटत जातो. खडी मोकळी झाली की खड्डा. त्यात न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर मुंब्रा बायपास आणि घोडबंदर रोडने गुजरातकडे निघालेले. एप्रिल-मेच्या उन्हात नरम पडलेल्या डांबरावर त्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या उमटतात.

म्हणून डांबरी रस्त्यात काही ना काही मिसळायचे उपाय निघाले. डांबरात जुन्या टायरचा चुरा मिसळणं हा यांतला जुना. १९६० च्या दशकात अमेरिकेत फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडोनल्ड यांनी तो रुजवला. आपल्याकडे सीआरएमबी (क्रम्ब रबर मॉडिफाइड बिटुमेन) नावाने तो वापरात आहे. अडचण एकच: टाकीत ढवळत राहिलं नाही तर चुरा तळाशी बसतो.

प्लास्टिकची हकिकत मोठी आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी २००१ च्या सुमारास प्रयोग सुरू केले. त्यांची मेख क्रमात आहे. प्लास्टिक डांबरात ढवळायचं नाही. साधारण १६० ते १७० अंशांपर्यंत तापवलेल्या खडीवर त्याचा किस टाकायचा. अर्ध्या-एक मिनिटात तो वितळून खडीला वेढतो आणि मग वरून डांबर ओतायचं. पाण्याला दगडापर्यंत पोचायची वाटच बंद. प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. २००२ मध्ये चेन्नईच्या जंबुलिंगम स्ट्रीटवर असा रस्ता झाला, २०१३ मध्ये रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने मार्गदर्शिका काढली आणि २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक, मात्र या कामात चालत नाही. तापवलं की त्यातून विषारी वायू निघतात. म्हणजे सगळी मदार कचरा वेगळा करण्यावर, आणि आपल्याकडे घोडं नेमकं तिथेच अडतं. ओला-सुका वेगळा करतानाही आपली किती ओढाताण होते!

या किश्शात आपल्या भागाचा एक धागा आहे. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेट्रोकेमिकल कारखाने आले आणि प्लास्टिकचा कच्चा माल इथे बनू लागला. पुढे रायगडात नागोठण्याला रिलायन्सने आपल्याच आवारात सुमारे ५० टन टाकाऊ प्लास्टिक घालून जवळजवळ ४० किलोमीटरचे रस्ते केल्याचं २०२० मध्ये जाहीर केलं. वेफर्सच्या पुड्यांसारखं जे प्लास्टिक भंगारवालाही उचलत नाही, ते त्यात गेलं.

स्लॅग मात्र डांबरात मिसळायची नसते, ती खडीची जागा घेते. झोतभट्टीतली, म्हणजे खनिजापासून लोखंड काढताना निघणारी, स्लॅग सिमेंटवाले नेतात. पुढे त्या लोखंडाचं पोलाद करताना निघणाऱ्या स्लॅगचे ढीग मात्र साचत राहतात. तिच्यात मोकळा चुना असतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि वरचा थर उचलला जातो. म्हणून आधी तिला पाणी देऊन मुरवावं लागतं, घाई चालत नाही. २०२२ मध्ये सुरतजवळ हजीरा इथे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने सुमारे एक लाख टन स्लॅगचा सहापदरी रस्ता झाला. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या दारात, मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात, डोलवीच्या पोलाद कारखान्यातल्या स्लॅगचा एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा खुला झाला. त्यात सुमारे ८०,००० टन माल गेला.

डोलवी पेणच्या अलीकडे-पलीकडेच, म्हणजे ठाण्याला फार लांब नाही. तरी हिशेब सोपा नाही. आतापर्यंत इथल्या रस्त्यांना खडी मिळाली ती पारसिकच्या डोंगरातल्या खाणींसारख्या जवळच्या जागांवरून. स्लॅग काळ्या दगडापेक्षा वजनदार. डंपर अर्धवट दिसत असतानाच त्याचं वजन भरतं, आणि भाडं वजनावर असतं.