पार्ट्स कारच्या साहाय्याने जुन्या मसल कारचे पुनरुज्जीवन

मोडकळीस आलेली जुनी अमेरिकन मसल कार पुन्हा चालती करताना लागणारे भाग एकेक करून नवे न घेता, त्याच घराण्यातील (म्हणजे एकाच मूळ सांगाड्यावर बेतलेल्या गाड्यांपैकी) दुसरी निकामी गाडी अख्खी विकत घेऊन तिच्यातून काढून वापरण्याची ही पद्धत आहे. अशा दुसऱ्या गाडीला ‘पार्ट्स कार’ किंवा ‘डोनर कार’ म्हणतात. अमेरिकेत व कॅनडात ही पद्धत चांगलीच रुजलेली असून, घरच्या गॅरेजमध्ये सुटीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी काम करणारा मध्यम उत्पन्नाचा हौशी माणूस हा तिचा मुख्य आधार आहे.

मसल कार ही मुळात वेगळी गाडी नव्हतीच; कुटुंबासाठी बनवलेल्या साध्या गाडीत मोठे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन बसवून ती घडवली गेली. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने टेंपेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीवर ३८९ घनइंचांचे (सुमारे ६.४ लिटर) इंजिन देऊन ‘जीटीओ’ बाजारात आणली. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालू नये, असा तिच्या मालक कंपनीचा, म्हणजे जनरल मोटर्सचा, अंतर्गत नियम असल्यामुळे ती स्वतंत्र मॉडेल म्हणून नव्हे, तर जादा साहित्याचा संच म्हणून विकली गेली. १९६८ ची प्लिमथ ‘रोडरनर’ ही बेलव्हेडिअर गाडीचीच साधी, स्वस्त आवृत्ती होती. ३८३ घनइंचांचे ३३५ अश्वशक्तीचे इंजिन असूनही तिची मूळ किंमत २,८९६ डॉलर, म्हणजे तीन हजारांच्या आत ठेवण्यात आली होती. जी गाडी सामान्य सेदानच्या सांगाड्यावर उभी राहिली, ती सामान्य सेदानच्या भागांनी दुरुस्तही होऊ शकते, हे या पद्धतीमागचे साधे सूत्र आहे. आज मूळ मसल कार लिलावात भारी किमतीला जाते, पण तिची चार दारांची बहीण शेताच्या कडेला गंजत पडलेली असते आणि थोडक्या पैशांत मिळते.

त्यामुळे पार्ट्स कार निवडताना नाव पाहण्यापेक्षा घराणे ओळखणे महत्त्वाचे ठरते. जनरल मोटर्सच्या ‘ए-बॉडी’ घराण्यात शेव्हरोले शेव्हेल, पाँटिअ‍ॅक टेंपेस्ट व जीटीओ, ओल्ड्समोबिल कटलास आणि ब्यूइक स्कायलार्क या गाड्या येतात. त्यांचे सस्पेन्शन व ब्रेक बऱ्याच अंशी एकमेकांना चालतात, इंजिने मात्र त्या काळी प्रत्येक विभागाची स्वतःची होती. १९६८ ते १९७२ च्या शेव्हेलचे बॉनेट, पुढची मडगार्डे आणि बंपर त्याच वर्षाच्या चार दारांच्या मालिबूवरून (शेव्हेलच्याच एका आवृत्तीवरून) घेता येतात. दारे, छप्पर आणि मागचा पत्रा मात्र जुळत नाही. दोन दारांच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर ११२ इंच, तर चार दारांच्या गाडीत ११६ इंच असल्यामुळे चॅसिसही वेगळी असते. फोर्ड मस्टँग १९६४ मध्ये फाल्कनच्या पायावर बेतली गेली. सहा सिलिंडरच्या मस्टँगची चाके चार बोल्टांची असतात. तिच्यात व्ही-८ बसवायचे, तर पुढचे स्पिंडल (ज्यावर चाक फिरते तो दांडा) व मागचा अ‍ॅक्सल पाच बोल्टांचा हवा, म्हणून सत्तरच्या दशकातील व्ही-८ मॅव्हरिकचा आठ इंची अ‍ॅक्सल आणि १९७५ ते १९८० च्या ग्रॅनाडाचे पुढचे डिस्क ब्रेक यांना हौशी लोकांत मागणी असते. कोणत्या वर्षाचा कोणता भाग कोणत्या गाडीला चालतो, याची ‘हॉलंडर’ नावाची सूची अमेरिकेतील भंगार-व्यवसायात १९३४ पासून वापरात आहे.

ही पद्धत जवळून पाहायची, तर प्लिमथ ‘डस्टर’चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९७० साली आलेली ही दोन दारांची गाडी पुढून जवळजवळ पूर्णपणे प्लिमथ व्हॅलिअंटच होती. ३४० घनइंचांचे २७५ अश्वशक्तीचे इंजिन असलेली ‘डस्टर ३४०’ आज दुर्मिळ व महाग आहे, परंतु २२५ घनइंचांच्या सरळ सहा सिलिंडर इंजिनाच्या साध्या डस्टर त्याहून कितीतरी जास्त बनल्या. अशी साधी डस्टर आधाराला घ्यायची आणि जोडीला १९७३ ते १९७६ मधली, व्ही-८ इंजिनाची चार दारांची व्हॅलिअंट किंवा तिच्याच घराण्यातील डॉज डार्ट पार्ट्स कार म्हणून घ्यायची, ही जोडी कमी पैशांत सर्वाधिक काम करून देते.

डार्टमधून सर्वप्रथम निघतात ते पुढचे डिस्क ब्रेक. जुन्या डस्टरच्या लहान ड्रम ब्रेकांपेक्षा ते पुष्कळ विश्वासार्ह असतात, पण ते एकटे येत नाहीत. १९७३ पासून वरचा बॉल जॉइंट आकाराने मोठा झाला, त्यामुळे त्याच गाडीचे वरचे कंट्रोल आर्मही (चाक सांगाड्याला जोडणारे दांडे) सोबत घ्यावे लागतात. चाकाच्या पाच बोल्टांचे वर्तुळही चार इंचांवरून साडेचार इंचांचे झाले आहे. पुढे डार्टचे ब्रेक बसवून मागे डस्टरचा जुना अ‍ॅक्सल तसाच ठेवला, तर पुढची चाके मागे बसत नाहीत आणि रस्त्यात पंक्चर झाले की डिकीतले स्टेपनी टायर एकाच टोकाला उपयोगी पडते. म्हणून डार्टचा मागचा अ‍ॅक्सलही साडेचार इंची असेल, तर तोही घ्यावा. मात्र सव्वासात इंची गिअरचा अ‍ॅक्सल व्ही-८ च्या ताकदीपुढे नाजूक ठरतो. सव्वाआठ इंची मिळाल्यास तोच निवडावा. सहा सिलिंडरच्या गाडीचे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी सळ्या) बारीक असल्यामुळे व्ही-८ गाडीचे जाड बार लागतात, आणि डाव्या-उजव्या बाजूचे बार अदलाबदल करून चालत नाहीत. ते काढण्यापूर्वी समायोजनाचा बोल्ट पूर्ण सैल करून ताण उतरवणे अत्यावश्यक आहे; हे न करता हातोडा चालवल्यास गंभीर इजा होऊ शकते.

इंजिनाच्या बाबतीत ३१८, ३४० आणि ३६० घनइंचांची इंजिने एकाच ‘एलए’ घराण्यातील आहेत. ३१८ इंजिन लाखो सेदान व पिकअप गाड्यांत बसवले गेल्यामुळे सहज मिळते. ३६० अधिक ताकद देते, पण त्याचा तोल क्रँकशाफ्टच्या बाहेरच्या भागांवर साधलेला असतो, म्हणून त्याचा पुढचा डँपर (कंपने शोषणारी चकती) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असल्यास टॉर्क कन्व्हर्टर त्याच इंजिनाचा असावा. ३१८ चे भाग जोडल्यास इंजिन थरथरते व बेअरिंगे लवकर जातात. शिवाय सहा सिलिंडरच्या इंजिनाखालची आडवी चौकट, जिला के-फ्रेम म्हणतात, व्ही-८ ला चालत नाही. अख्खी डार्ट दारात उभी असली, की ही चौकट, तिचे रबरी माउंट, एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, गिअर बदलण्याची दांडी, थ्रॉटलची केबल, रेडिएटर आणि त्याचे ब्रॅकेट हे सारे एकमेकांशी जुळलेले मिळते. हे भाग सुटे गोळा करू गेल्यास प्रत्येकाची किंमत थोडी वाटते, पण बेरीज आणि वाया गेलेले आठवडे लक्षात घेतले, तर अख्खी गाडीच स्वस्त पडते. शिवाय कोणता बोल्ट किती लांबीचा, कोणती क्लिप कोणत्या भोकात, कोणती वायर कशामागून जाते, हे प्रत्यक्ष जोडलेल्या गाडीवर पाहता येते. अनुभवी लोक म्हणूनच पार्ट्स कार घाईने सोलत नाहीत. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेतात आणि बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिहितात.

गंज हा या कामातील खरा शत्रू आहे. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि त्यामुळे गाड्या खालून सडतात. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यांत पत्रा शाबूत राहतो, पण उन्हाने डॅशबोर्ड तडकतो आणि सीटांचे कापड विरते. त्यामुळे कोरड्या राज्यातल्या गाडीचा पत्रा व उत्तरेकडच्या गाडीचे आतले सामान अशी जोडणी अनेकदा फायद्याची ठरते. डस्टरला स्वतंत्र चॅसिस नसते, तळाचा पत्राच सगळा भार पेलतो, म्हणून टॉर्शन बारांची मागची टोके ज्या आडव्या तुळईत बसतात तिची पाहणी सर्वांत आधी करावी. ती सडलेली असेल, तर ती गाडी पुनरुज्जीवनासाठी न घेता फार तर पार्ट्स कार म्हणून घ्यावी. वरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवल्यास खाली पुट्टी भरलेली जागा लगेच कळते, कारण तिथे चुंबक धरत नाही.

पत्रा एका गाडीवरून दुसरीवर नेताना दोन्ही गाड्यांचे जोड कारखान्यातल्या मूळ स्पॉट वेल्डांवर उघडणे हा उत्तम मार्ग होय. खास ड्रिलने वेल्डाचा वरचा थर तेवढा कापला जातो, खालचा पत्रा राहतो, आणि नव्या जागी त्याच भोकांतून प्लग वेल्ड भरता येतात. तळाचा मोठा भाग कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींत आडवे पाइप जोडून गाडी ताठ करावी लागते. तसे न केल्यास सांगाडा वाकतो आणि नंतर दारे लागत नाहीत.

काही भाग मात्र पार्ट्स कारमधून घेऊच नयेत. ब्रेकचे रबरी पाइप, मास्टर सिलिंडरचे रबर, इंधनाच्या नळ्या, सीटबेल्टचे पट्टे आणि टायर कितीही चांगले दिसले, तरी जुने वापरणे धोक्याचे असते. या ठिकाणी काटकसर करणाऱ्याला काटकसरीचा अर्थच कळलेला नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते. पार्ट्स कारमुळे वाचलेले पैसे प्रथम येथेच खर्च व्हायला हवेत.

गाडीच्या ओळखीचा प्रश्नही नाजूक आहे. कारखान्यात गाडीला दिला जाणारा सतरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) १९८१ च्या मॉडेलांपासून लागू झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. १९७० च्या प्लिमथमध्ये क्रमांकाचे पाचवे अक्षर इंजिन सांगते: ‘सी’ म्हणजे २२५, ‘जी’ म्हणजे ३१८, ‘एच’ म्हणजे ३४०. साध्या डस्टरमध्ये ३४० चे इंजिन बसवून तिला प्रामाणिकपणे ‘क्लोन’ (मूळ गाडीची नक्कल) म्हणणे सर्वमान्य आहे, परंतु पार्ट्स कारच्या या ओळख क्रमांकाची पट्टी काढून दुसऱ्या गाडीवर लावणे हा गुन्हा आहे आणि १९८४ च्या संघीय कायद्यानुसार त्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मालकीची कागदपत्रे नसलेली पार्ट्स कार स्वस्त मिळते, पण चोरीच्या गाडीचा संशय टाळण्यासाठी विक्रेत्याची सही असलेली पावती घेणे आवश्यक असते.

दुसऱ्या गाडीचा बळी देणे कितपत योग्य, हा वाद या क्षेत्रात जुना आहे. मस्टँग किंवा कॅमॅरोसाठी आज जवळजवळ प्रत्येक पत्रा, एवढेच नव्हे तर अख्खा सांगाडाही नवा बनवून मिळतो. तेथे वाचण्याजोगी जुनी गाडी कापणे समर्थनीय वाटत नाही. डस्टरसारख्या, नवे भाग कमी मिळणाऱ्या गाड्यांसाठी मात्र पार्ट्स कारला फारसा पर्याय नाही. तरीही चालू अवस्थेतील, गंज नसलेली चार दारांची व्हॅलिअंट केवळ ब्रेकसाठी तोडू नये, कारण तशा साध्या गाड्या जपण्याचा विचार कोणी केला नाही आणि त्याही आता थोड्याच उरल्या आहेत.

काम संपल्यावर उरलेले काचा, दारे, डिकीचे झाकण इत्यादी भाग विकले जातात आणि सांगाडा वजनावर भंगारात जातो. नीट हिशेब ठेवल्यास पार्ट्स कारची बरीचशी किंमत अशी परत येते. अमेरिकेतील अनेक शहरांत न चालणारी गाडी घरासमोर उघड्यावर ठेवण्यास बंदी असल्यामुळे हे काम फार लांबवता येत नाही. २००९ च्या संघीय ‘कार्स’ योजनेत (जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेणाऱ्यांना सवलत देणाऱ्या) पंचवीस वर्षांच्या आतील पावणेसात लाखांहून अधिक गाड्या मोडीत निघाल्या आणि त्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची निकामी करण्यात आली. मसल कार त्या योजनेत नव्हत्या, पण त्यांना इंजिने पुरवू शकणाऱ्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतील गाड्या होत्या. त्यानंतरही डॉज पिकअप व जीप ग्रँड चेरोकीमधील १९९२ नंतरची ‘मॅग्नम’ इंजिने हा डस्टरसाठी स्वस्त स्रोत राहिला आहे. ती एलए इंजिनांच्याच माउंटवर बसतात. कार्ब्युरेटर ठेवायचा असल्यास इनटेक मॅनिफोल्ड बदलावा लागतो, आणि यांत्रिक इंधन पंपासाठी पुढचे टायमिंग कव्हर जुन्या ३१८ चे लावावे लागते.