एच-इंडेक्स आला कुठून? सायटेशन मोजायच्या धंद्याची थोडी पार्श्वभूमी

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एक बातमी हमखास येते, आपल्या अमुक कॉलेजच्या तमुक सरांचा जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश. मग गेटवर फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, स्टेटसला फोटो पडतात. अभिनंदन करायलाच पाहिजे, त्यात काही वाद नाही. पण ही यादी कोण काढतं आणि कशावरून काढतं हे विचारलं तर सत्कार करणारेही एकमेकांकडे बघतात. ती काढतात स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी, स्कोपस नावाच्या शोधनिबंधांच्या डेटाबेसवरून, आणि त्यात मुख्य हिशोब असतो तुमचा पेपर दुसऱ्या कुणी किती वेळा संदर्भ म्हणून दिला याचा, म्हणजे सायटेशनचा. एच-इंडेक्स हाही याच सायटेशनवरून काढलेला माणसाचा आकडा. आता हे सायटेशन मोजायचं खूळ मुळात शास्त्रज्ञांचं नाहीच, ते आलं वकिलांकडून.

1873 मध्ये शिकागोत फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने एक साधा धंदा सुरू केला. अमेरिकेत जुन्या निकालाचा दाखला देऊन केस लढवायची तर तो निकाल अजून उभा आहे का, का वरच्या कोर्टाने फिरवलाय, हे वकिलाला माहीत असावं लागतं, नाहीतर कोर्टात तोंडघशी पडणार. शेपर्ड काय करायचा, तर कुठल्या निकालाचा उल्लेख पुढे कुठल्या कुठल्या निकालात आला त्याच्या गोंद लावलेल्या चिठ्ठ्या छापून विकायचा, आणि वकील त्या आपल्या कायद्याच्या पुस्तकात त्या त्या निकालाशेजारी मार्जिनमध्ये चिकटवायचे. पुढे त्याची पुस्तकंच निघायला लागली. लक्षात घ्या, यात निकाल देणारा जज्ज किती मोठा हे कुणी मोजत नव्हतं, फक्त माग काढायचा होता.

मधल्या काळात ग्रंथालयवाल्यांनीही थोडी मोजामोज केली. 1927 मध्ये पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या रसायनशास्त्राच्या जर्नलमधले संदर्भ मोजले, उद्देश इतकाच की कॉलेजच्या लायब्ररीने मर्यादित पैशात कुठली जर्नल्स घ्यावीत. त्याच्या आदल्या वर्षी आल्फ्रेड लोटका यांनी दाखवलं की बहुतेक लेखक आयुष्यात एकच पेपर लिहितात आणि मूठभर लोक ढीगभर लिहितात. आपल्याकडचे रंगनाथनसुद्धा 1948 मध्ये ग्रंथालयाच्या कामाला आकडेशास्त्र लावा म्हणून सांगत होते. पण हे सगळं तसं हौसेचं, कुणाचं प्रमोशन त्याच्यावर अडलेलं नव्हतं.

खरा माणूस म्हणजे यूजीन गारफील्ड. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तो जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय पेपरांची सूची मशीनवर कशी करता येईल त्या प्रकल्पावर होता. विषयवार सूची करायची तर प्रत्येक पेपर वाचून त्याला विषय कोण लावणार, हा मोठा त्रास. त्या प्रकल्पाची बातमी वाचून शेपर्डच्या कंपनीच्या एका निवृत्त उपाध्यक्षाने, विल्यम अडेर यांनी, 1953 मध्ये पत्र टाकलं की आमची वकिली पद्धत तुम्हाला चालेल का बघा. गारफील्डला ते एकदम पटलं. 1955 मध्ये त्याने 'सायन्स' मध्ये लेख लिहिला, मुद्दा असा की जुना पेपर हातात आहे तर त्यानंतर त्याला कुणी पुरावा दिला, कुणी खोडलं, कुणी पुढे नेलं हे एका फटक्यात कळलं पाहिजे, चुकीचा पेपर लोक डोळे झाकून पुढे ढकलत राहतात ते तरी थांबेल.

पुढची काही वर्षं त्या लेखाचं फारसं काही झालं नाही. गारफील्डने न्यू जर्सीत कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात ऑफिस थाटून जर्नलांच्या अनुक्रमणिका छापून विकायचा उद्योग केला, तो बऱ्यापैकी चाललाही. मग 1959 मध्ये जोशुआ लेडरबर्ग, ज्यांना आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं, त्यांनी पत्र लिहून विचारलं की तुमच्या त्या कल्पनेचं पुढे काय झालं. तिथून चक्रं फिरली, सरकारी अनुदान मिळालं, आधी जेनेटिक्सपुरती सूची झाली आणि 1964 पासून सायन्स सायटेशन इंडेक्स विकायला लागलं. पहिल्या संचात 1961 सालची 613 जर्नल्स आणि सुमारे 14 लाख संदर्भ होते. पंच कार्डांच्या जमान्यात! आज आपण एका क्लिकवर 'साइटेड बाय' बघतो त्याच्या मागे हे आहे.

आता 613 जर्नल्स निवडायची तर निवडायची कशी? नुसते संदर्भ मोजले तर जाडजूड जर्नल्स पुढे येणार आणि छोटी पण चांगली मागे पडणार. म्हणून गारफील्ड आणि अर्विंग शेर यांनी भागाकार केला, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा किती संदर्भ मिळाले भागिले ते लेख किती. हाच इम्पॅक्ट फॅक्टर. म्हणजे तो होता जर्नल निवडायचा जुगाड, लायब्ररीयनच्या कामाचा आकडा. 1975 पासून तो दरवर्षी छापून यायला लागला आणि मग निवड समित्यांच्या हाती लागला. पेपर कोण वाचत बसणार, जर्नलचा आकडा बघा आणि माणसाला मार्क द्या. वर्गाची सरासरी 80 आहे म्हणून गण्यालाही 80 पडले असतील असं धरण्यासारखं आहे हे, पण चाललं, अजून चालतंय. गारफील्ड स्वतः पुढे अनेकदा सांगत राहिला की हा आकडा माणसांना लावू नका, पण कंपनी त्याचीच आणि आकडाही त्यांचाच विकला जात होता, त्यामुळे ते सांगणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.

सायटेशन म्हणजे थोरवी नव्हे हे तर तेव्हाच दिसत होतं. सगळ्यात जास्त संदर्भ मिळालेला पेपर कुठला? सापेक्षतावाद नाही, डीएनए नाही. ऑलिव्हर लोरी यांचा 1951 चा, द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजायच्या रीतीचा पेपर, 3 लाखांवर सायटेशन. प्रत्येक लॅबमध्ये ती रीत वापरली की एक संदर्भ पडणारच. लोरी यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा काही फार महान पेपर नाही.

मग येतो 2005. त्याच्या आदल्याच वर्षी स्कोपस आणि गुगल स्कॉलर दोन्ही आले होते, म्हणजे कुणाचेही सायटेशन घरबसल्या मोजता यायला लागले. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले होर्हे हर्श, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, सुपरकंडक्टिव्हिटीच्या सर्वमान्य थिअरीशी भांडण काढलेले. त्यांचं म्हणणं, जर्नलचं नाव नको, माणसाच्या पेपरांना काय मिळालं ते बघा. त्यांनी एकच आकडा सुचवला, एच-इंडेक्स, म्हणजे किमान एच सायटेशन मिळालेले निदान एच पेपर असावेत असा सगळ्यात मोठा आकडा. समजा एखाद्या मॅडमचे पाच पेपर आहेत, सायटेशन 40, 9, 6, 3 आणि 1. उतरत्या क्रमाने लावा. किमान 3 सायटेशनवाले 3 पेपर आहेत, पण किमान 4 वाले 4 नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 3. आता पहिल्या पेपरला 40 ऐवजी 4000 मिळाले तरी एच 3 च. आणि चौथ्या पेपरला फक्त एक सायटेशन जास्त मिळालं, मग ते स्वतःच स्वतःला दिलेलं का असेना, तर एच लगेच 4. या एका उदाहरणात पुढचा सगळा तमाशा दिसतो बघा.

हर्श यांनी त्याच पेपरात सांगून टाकलं की मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात कायम नोकरीला साधारण 12 आणि पूर्ण प्रोफेसर व्हायला 18 बरा. झालं, निवड समित्यांना आयतंच कोलीत मिळालं. विषयाविषयात जमीन-अस्मानाचा फरक असतो, गणितवाल्याला दहा वर्षांत मिळतात तितके सायटेशन वैद्यकवाल्याला वर्षात मिळतात, हे कोण बघतंय. आणि लेखक किती यालाही एच विचारत नाही. 2015 मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा जो पेपर आला त्याला 5154 लेखक होते, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यात तो पेपर अख्खाच्या अख्खा. मग त्यातून जी-इंडेक्स, आय-टेन वगैरे पिलावळ निघाली, ती सोडून देऊ.

गंडवणं किती सोपं तेही लवकरच कळलं. 2010 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिरिल लाबे यांनी आइक अंतकारे नावाचा अस्तित्वातच नसलेला लेखक उभा केला, कॉम्प्युटरने लिहिलेले शंभरेक निरर्थक पेपर एकमेकांना संदर्भ देऊन टाकले आणि गुगल स्कॉलरवर त्याचा एच 94 झाला, आइनस्टाइनपेक्षा जास्त. 2024 मध्ये तर दोघा संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराचा एच 11 करून दाखवला. माणसं मात्र हे गंमत म्हणून करत नाहीत, सायटेशन चक्क विकत घेतात.

2020 मध्ये हर्श यांनीच लिहिलं की या आकड्याचे वाईट परिणाम झालेत, प्रवाहाविरुद्ध बोलणारा माणूस यात मार खातो. उशिराच सुचलं म्हणायचं. त्याआधी 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक जाहीरनामा तयार झाला, 2013 ला प्रसिद्ध झाला, की नोकरी-प्रमोशनला इम्पॅक्ट फॅक्टर लावू नका. सह्या हजारोंनी झाल्या.

आपल्याकडे याच काळात गाडी उलट्या दिशेने निघाली होती. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2010 मध्ये एपीआय ही प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची पद्धत आणली, प्रत्येक शोधनिबंधाला गुण, इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर जादा गुण. स्थाननिश्चितीची, म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीची, फाइल म्हणजे गुणांची बेरीज झाली. मग काय, आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख नंबर, घेतलेल्या, नावात 'इंटरनॅशनल' आणि 'मल्टिडिसिप्लिनरी' असलेल्या जर्नलांचं पीक आलं, पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, त्यातल्या काहींनी तर स्वतःच बनवलेला इम्पॅक्ट फॅक्टर कव्हरवर छापला. जिल्ह्याच्या ठिकाणी एकदिवसीय आंतरराष्ट्रीय परिषद आणि तिचा विशेषांक, हा प्रकार ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायची गरज नाही. पोर्शन संपवून, परीक्षेच्या ड्युट्या करून वरून पेपरांचा रतीब घालायचा तर खोगीरभरतीच होणार, सगळा दोष मास्तरांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

2018 मध्ये पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स तपासली, तर तपासलेल्यांपैकी 88 टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी यूजीसीने 4305 नावं यादीतून काढली. मग केअर नावाची मान्य जर्नलांची नवी यादी आली आणि तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. त्यातही खोट्या वेबसाइटवाले घुसलेच, खऱ्या जर्नलचं नाव घेऊन हुबेहूब नकली साइट बनवायचे. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली, आता ज्याने त्याने निकष लावून बघायचं.

यात मराठीत लिहिणाऱ्यांचं काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला. केअर यादीत निदान भारतीय भाषांतली नियतकालिकं होती. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये मराठी जवळजवळ नाहीच, आणि विद्यापीठाचा एच-इंडेक्स नॅकच्या, म्हणजे विद्यापीठं-कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, अहवालात लिहायचा तो याच दोन डेटाबेसवरून. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळली, रा. चिं. ढेऱ्यांनी आयुष्यभर लोकदैवतांचा शोध घेतला, मराठीतला पुढचा अभ्यासक त्यांचं नाव घेतल्याशिवाय पान उलटू शकत नाही, पण ते संदर्भ मराठी पुस्तकांच्या तळटीपांमध्ये आहेत आणि त्या तळटीपा कुठलंच मशीन वाचत नाही.