वय मुलांचे, पुरावा सगळ्यांचा

२०११ चे सायबर कॅफे नियम आले, तेव्हापासून नागपुरात बर्डीवरच्या कॅफेत खुर्चीवर बसण्याआधी ओळखपत्राची झेरॉक्स द्यावी लागे. दोरीला बांधलेल्या पेनाने वहीत नाव-पत्ता, आल्याची वेळ लिहायची आणि झेरॉक्सवर सही करायची. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलासोबत ओळखपत्रवाला मोठा माणूस हवाच. हे सगळे कागद किमान एक वर्ष जपून ठेवायचे बंधन दुकानदारावर होते. त्याच गल्लीत एकदा चण्याची पुडी सोडली, तर आतून कुणाच्या तरी लायसन्सची झेरॉक्स निघाली, फोटोसकट. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

आता ती वही फोनमध्ये येते आहे. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २०१७ मध्ये लागला. पुढच्या वर्षी तज्ज्ञ समितीने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा दिला आणि खरा घोळ तिथेच झाला: ‘बालक’ म्हणजे कोण? मुलांच्या वाढीच्या दृष्टीने अठरा ही मर्यादा जास्त वाटू शकते, असे समितीनेच लिहिले. तरी करार करण्याचे कायदेशीर वय अठरा, म्हणून इथेही अठराच ठेवले. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यापासून ही रेषा तेराला आहे. आपल्याकडे मात्र अकरावीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा एकाच रांगेत बसले.

२०१९ च्या विधेयकात मुलाचे वय पडताळा, असे स्पष्ट लिहिले होते. २०२३ च्या कायद्यातून ते शब्द गेले आणि मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची ‘पडताळण्याजोगी संमती’ घेणे तेवढे राहिले. वाचायला हे सौम्य वाटते. पण समोरचा मूल आहे की नाही, हे कळल्याशिवाय संमती मागणार कोणाची? चुकल्यास दंड २०० कोटींपर्यंत. एवढी टांगती तलवार असताना कंपनी सरसकट सगळ्यांनाच वय विचारेल, साठीच्या आजोबांनाही. शिवाय पालक सज्ञान आहे, एवढेच या कायद्याचे नियम तपासायला सांगतात. तो त्याच मुलाचा पालक आहे, याचा पुरावा मागत नाहीत. घरात एकच मोबाईल आणि तो आईच्या नावावर, अशी घरे नागपुरात कितीतरी आहेत. तिथे नेमके कोणाचे वय पडताळले जाणार?

ब्रिटनने अश्लील संकेतस्थळांवर वय तपासण्याची २०१७ मध्ये केलेली तरतूद दोन वर्षांनी गुंडाळली आणि जुलै २०२५ पासून नव्या कायद्याने पुन्हा लागू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गप्पांच्या एका ॲपच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटल्याचे उघड झाले. वयाच्या तक्रारी सोडवताना ते मागून घेतलेले होते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. मात्र सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय ठेवता येणार नाही आणि तपासणीची माहिती काम झाल्यावर नष्ट करावी लागेल, हे तिथल्या कायद्यातच आहे.

आपले नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीचा भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होईल. वापरकर्त्याची माहिती आणि तिच्या नोंदी किती काळ ठेवायच्या, तेही त्यांत आहे: किमान एक वर्ष.