खुर्ची नेमकी कुठे होती? सत्तेच्या आतल्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांची पार्श्वभूमी

नाशिकहून गंगापूर रोडने निघालं की आनंदवल्ली लागते. राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलेलं हे नाव. याच आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही गोष्ट मराठी घरांत लहान पोरांनाही ठाऊक असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, इथपर्यंतची जमीन घट्ट आहे. अक्षर बदललेला तो मूळ कागद मात्र आज उपलब्ध नाही. वाड्यात काय घडलं ते सांगणाऱ्यांच्या तोंडून ही गोष्ट पसरली आणि पुढे तिचा वाक्प्रचार झाला.

मंत्र्यांचे सचिव, सल्लागार, सेनाधिकारी यांनी निवृत्तीनंतर लिहिलेली पुस्तकं वाचताना हाच पेच पडतो. ‘हे पुस्तक खरं की खोटं’ असा सरसकट प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. एकाच पुस्तकात डोळ्यांनी पाहिलेलं, कुणीतरी सांगितलेलं आणि स्वतः ताडलेलं असे तीन थर असतात, आणि लेखक तिन्ही थर एकाच ठाम सुरात लिहितो. त्यामुळे विश्वासार्हता पानागणिक बदलते. त्या पानावरची घटना घडली तेव्हा लेखकाची खुर्ची कुठे होती, हे आधी पाहावं लागतं.

मराठीत ही शिस्त जुनी आहे. सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीला. महाराजांना जाऊन तेव्हा दीड दशक उलटलं होतं. तो स्वराज्याच्या चाकरीतला माणूस, त्यामुळे कारभाराची घडी, माणसं, गड यांबद्दल त्याचं वजन मोठं. घटनांचा क्रम मात्र जागोजागी चुकतो. मल्हार रामराव चिटणीसांची बखर तर १८१० च्या सुमाराची. घराणं दरबारातलं असलं तरी लेखक घटनेपासून सव्वाशे वर्षं लांब. १८९८ मध्ये वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं होती. प्रस्तावनेत त्यांनी पानिपताच्या बखरी त्या पत्रांशेजारी ठेवून तारखा, माणसं, मुक्काम कुठे चुकले ते दाखवलं. त्याच दिवशी लिहिलेलं अस्सल पत्र आधी, आठवणीतून लिहिलेली बखर नंतर, हा क्रम त्यांनी घालून दिला. दिल्लीतल्या आजच्या पुस्तकांनाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

याचा सर्वांत चांगला नमुना १९६२ च्या चीन युद्धाचा आहे, आणि त्यात नाशिकचाही धागा आहे. पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं म्हटलं गेलं, आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. त्या पराभवावर आतल्या तिघांनी लिहिलं: लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांनी १९६७ मध्ये, ब्रिगेडियर जे. पी. दळवी यांनी १९६९ मध्ये आणि गुप्तचर विभागाचे संचालक राहिलेले बी. एन. मलिक यांनी १९७१ मध्ये. तिघांचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत.

तिघांच्या खुर्च्या पाहिल्या की गुंता बराच सुटतो. दळवी ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीकाठच्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख होते. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि २२ तारखेला ते पकडले गेले. सुटका झाली मे १९६३ मध्ये. म्हणजे थंडीचे कपडे, दारूगोळा, खच्चरं, नदीवरचे पूल याबद्दल त्यांच्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही. पण दिल्लीतल्या बैठकींबद्दल ते लिहितात ते ऐकीव, आणि २२ ऑक्टोबरनंतरच्या लढाईबद्दलचं सगळं सुटकेनंतर गोळा केलेलं. कौल त्या आघाडीच्या चौथ्या कोरचे, म्हणजे दळवींच्या वरचे, सेनापती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते स्वतः नदीकाठी गेले होते. ती पानं साक्षीची. हल्ला झाला तेव्हा मात्र ते आजारी होऊन दिल्लीत होते. शिवाय पराभवाचं खापर त्यांच्यावर फुटलेलं, त्यामुळे पुस्तकाचा बराच भाग बचावाचा आहे. मलिक दिल्लीच्या वर्तुळात होते, पण माहिती पुरवणारं खातंच त्यांचं. आपल्या खात्याच्या चुकांबद्दल ते जे कबूल करतात त्याला जास्त किंमत द्यावी. स्वतःच्या अंगाशी येणारी कबुली माणूस सहसा रचून लिहीत नाही.

खुद्द चव्हाणांनी आत्मचरित्र लिहिलं ते १९४६ पर्यंतचंच. दिल्लीचा काळ त्यांच्या लेखणीतून यायचा राहून गेला, ही मराठी वाचकाची मोठी हानी आहे. १९६५ च्या युद्धकाळातली त्यांची रोजनिशी त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. निकाल काय लागणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसताना लिहिलेली नोंद म्हणून तिचं मोल वेगळं.

रोजनिशी आणि आठवण यांतलं अंतर एम. ओ. मथाईंच्या बाबतीत स्पष्ट दिसतं. १९४६ ते १९५९ ते नेहरूंच्या कार्यालयात होते. आरोप झाल्यावर बाहेर पडले. पुस्तक आलं १९७८ मध्ये. नेहरूंना जाऊन १४ वर्षं झाली होती आणि इंदिरा गांधी सत्तेबाहेर होत्या. फायली कशा हलत, कोण कधी भेटे, हे त्यांना ठाऊक असणार. पण इतक्या वर्षांनी अवतरणचिन्हांत दिलेले लांबलचक संवाद शब्दशः खरे मानायला आधार नाही. मौलाना आझादांच्या आत्मकथनात आणखी एक पदर आहे. ते उर्दूत सांगत आणि हुमायून कबीर इंग्रजीत लिहीत. १९५९ च्या आवृत्तीतून वगळलेली ३० पानं सीलबंद राहिली आणि १९८८ मध्ये उघडली. तोवर नेहरूंना उत्तर देणं शक्य नव्हतं.

अलीकडचं उदाहरण संजय बारूंचं. मे २००४ ते ऑगस्ट २००८ ते मनमोहन सिंगांचे माध्यम सल्लागार होते. पुस्तक एप्रिल २०१४ मध्ये, लोकसभेचं मतदान चालू असताना आलं, आणि पंतप्रधान कार्यालयाने ते फेटाळलं. मुहूर्त पाहून हेतूची शंका घ्यावी, पण तेवढ्यावरून मजकूर खोटा ठरवू नये. २००८ आधीची पानं साक्षीची; दुसऱ्या कार्यकाळाबद्दलची मतं बाहेर आलेल्या माणसाची.

प्रत्यक्ष पडताळायचं तर आधी लेखकाच्या नेमणुकीच्या आणि निघण्याच्या तारखा वहीत लिहाव्यात. (सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावर पेन्सिल चालवू नये, ते पुढच्या वाचकाचं असतं.) मग वादाचं एकेक विधान घेऊन ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘ताडलं’ यांपैकी काय ते समोर मांडावं. ‘असं समजलं’, ‘जवळच्या वर्तुळात चर्चा होती’ अशी वाक्यं दुसऱ्या थरातली. खोलीत किती माणसं होती आणि त्यांतली किती हयात आहेत, हे पाहावं. तारीख दिली असेल तर त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणि लोकसभेतल्या चर्चेचा वृत्तांत काढावा. मंत्री त्या दिवशी परदेशात होता असं निघालं तर प्रसंग तिथेच कोसळतो. नेमकी चूक होते ती इथे: एक तारीख जुळली की वाचक सगळं पुस्तक खरं मानतो, एक चुकली की सगळं टाकून देतो. तारीख पडताळली की फक्त तारीखच पडताळली जाते, संवाद नव्हे.

कायद्यामुळेही चित्र एका बाजूला झुकतं. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे, तो निवृत्तांनाही लागतो. ३१ मे २०२१ रोजी केंद्राने निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल केला: गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कक्षेतल्या विषयावर लिहायचं तर प्रमुखाची पूर्वपरवानगी हवी, नाहीतर निवृत्तिवेतन धोक्यात. म्हणून सनदी अधिकाऱ्यांची पुस्तकं भरपूर आणि गुप्तचरांची मोजकी. मंजूर होऊन आलेल्या पुस्तकात काय गाळलं, ते कळायला मार्ग नाही. माजी लष्करप्रमुख नरवणे यांच्या आठवणींतले उतारे डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तसंस्थेने दिले, पण पुस्तक संरक्षण मंत्रालयाच्या तपासणीत अडकलं आणि ठरल्या वेळी दुकानात आलं नाही.

कौल, दळवी, मलिक यांना शेजारी ठेवून तपासायला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी करून दिलेला १९६३ चा अहवाल. त्याचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. सरकारने तो अधिकृतपणे खुला केलेला नाही.