प्रोस्टेट बायॉप्सी: सुई नेमकी कुठून न्यायची?

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्यात कॅन्सर आहे का हे तपासण्यासाठी बायॉप्सीत साधारण 12 ठिकाणांहून सुईने बारीक तुकडे काढतात. कित्येक दशके ही सुई गुदाशयाच्या भिंतीतून आत नेली जात होती, आणि आजही बऱ्याच ठिकाणी तशीच नेतात. जंतूंची दाट वस्ती असलेल्या जागेतूनच सुई दर वेळी आरपार जाते. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा ई. कोलाय हा जंतू प्रोस्टेटमध्ये किंवा रक्तात पोचला, की थंडी वाजून ताप येतो. क्वचित सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे साऱ्या शरीरावर होणारा गंभीर परिणाम होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे आधी सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची गोळी देणे. ती वर्षानुवर्षे पुरली. पण कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात 1996 ते 2005 दरम्यान बायॉप्सी झालेल्या 75,190 पुरुषांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा चित्र बदललेले दिसले. ज्यांना कॅन्सर निघाला नाही, त्यांच्यापैकी 30 दिवसांत रुग्णालयात भरती व्हावे लागणाऱ्यांचे प्रमाण 1 टक्क्यावरून 4.1 टक्क्यांवर गेले होते. भरतीचे मुख्य कारण संसर्ग हेच होते. असा धोका एकेका डॉक्टरच्या लक्षात येत नाही, कारण शंभरातले दोन-चारच रुग्ण आजारी पडतात आणि तेही बहुधा घरी गेल्यावर. म्हणून अशा मोठ्या नोंदींचे मोल फार आहे.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारे ई. कोलाय आता जगभर आहेत, भारतात तर फारच. मग अँटिबायोटिक वाढवत न्यायचे का? काही ठिकाणी आधी गुदाशयातला स्वॅब (बोळ्याने घेतलेला नमुना) घेऊन कल्चर करतात, म्हणजे त्यातले जंतू वाढवून तपासतात, आणि त्यानुसार औषध ठरवतात. गुदाशय पोव्हिडोन-आयोडिन या जंतुनाशकाने साफ केल्यानेही संसर्ग कमी होतो. मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो सुईचा मार्गच बदलणे. वृषणकोश आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून सुई घातली, तर ती आतड्याला शिवतच नाही, आणि त्वचा नीट निर्जंतुक करता येते. नॉर्वे आणि जर्मनीत या मार्गाने बायॉप्सी झालेल्या साडेपाचशेवर पुरुषांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून अँटिबायोटिक दिलेच नाही. 2022 साली निष्कर्ष आले: दोन्ही गटांत सेप्सिस एकालाही झाला नाही.

तरी वाद मिटलेला नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत दोन्ही मार्गांनी संसर्गाचे प्रमाण जवळपास सारखेच, अडीच टक्क्यांच्या आसपास निघाले. पण संसर्ग सारखाच असला, तरी अँटिबायोटिकशिवाय भागणे ही मोठी कमाई आहे, असे मी मानतो.

तुमच्या घरात कोणाची बायॉप्सी ठरली असेल, तर सुई कोणत्या मार्गाने घालणार हे डॉक्टरांना जरूर विचारा. गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतले असेल किंवा रुग्णालयात राहावे लागले असेल, तर तेही आधीच सांगा. बायॉप्सीनंतर थंडी वाजून ताप आला, तर घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा आणि बायॉप्सी झाल्याचे तिथे लगेच सांगा.